पीस, पंख आणि उड्डाण

मकरसंक्रांतीच्या सुमारास सिल्वासा व आसपासच्या गावांवरील आकाश रंगीबेरंगी पतंगांनी भरून जाते. शेजारच्या गुजरातप्रमाणे येथेही हा सण उत्तरायण म्हणून उत्साहाने साजरा होतो. त्याच आकाशातून पहाटे बगळ्यांचे थवे दमणगंगेच्या दिशेने जातात, दुपारी घारी संथपणे घिरट्या घालतात आणि सायंकाळी पोपट व पारवे आपापल्या मुक्कामी परततात. पतंग आणि पाखरू ही दोन्ही वाऱ्याच्या एकाच नियमाने हवेत तरंगतात. मात्र जो दोरा पतंगाला आकाशात टिकवून धरतो, तोच पाखराच्या पंखाला लागला म्हणजे ते कायमचे जमिनीवर येते. एवढ्या बारीक दोऱ्याने एवढा मोठा पक्षी का कोसळतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर पक्ष्याच्या शरीराची रचना प्रथम पाहावयास हवी.

प्रदेश आणि त्यातील पाखरे

दादरा व नगर हवेली हा सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेला, सुमारे ४९१ चौरस किलोमीटर क्षेत्राचा डोंगराळ प्रदेश होय. २६ जानेवारी २०२० पासून तो दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या एकत्रित केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. साग व खैराची राने, दमणगंगेचे पात्र, मधुबन धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि भातशेती यांमुळे रानातील, पाण्यावरील व शेतातील अशा तिन्ही प्रकारच्या पाखरांना येथे आसरा मिळतो. २००० साली येथील वनक्षेत्राचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. खानवेल किंवा दुधनीच्या रस्त्याने जाणाऱ्यास तारेवर बसलेला कोतवाल व वेडा राघू, पाण्याकाठचा खंड्या, गुरांमागे चालणारा गायबगळा ही मंडळी सहज दृष्टीस पडतात. अभ्यासासाठी दूर कोठे जावयास नको. पुस्तक दाराशीच उघडे आहे.

पीस म्हणजे काय?

सजीव सृष्टीत आज पीस फक्त पक्ष्यांनाच असते. वटवाघूळ उडते, परंतु त्याचा पंख कातड्याचा असतो. कीटक उडतात, परंतु त्यांचे पंख पातळ पापुद्र्याचे असतात. आपली नखे, केस आणि गुरांची शिंगे ज्या केराटिन नावाच्या द्रव्याची बनतात, त्याच जातीच्या द्रव्याचे पीस बनलेले असते.

घरच्या कोंबडीच्या पंखातील एखादे मोठे पीस हातात घेतले, तर त्याची रचना स्पष्ट दिसते. मध्यभागी एक दांडा असतो. त्याचा त्वचेत रुतलेला खालचा भाग पोकळ असतो. पूर्वी बोरूप्रमाणे तासून लेखणी करीत, तो हाच भाग. दांड्याच्या दोन्ही अंगांना पाते पसरलेले असते. हे पाते अखंड पापुद्र्यासारखे भासले, तरी प्रत्यक्षात ते शेकडो तिरप्या तंतूंचे बनलेले असते. प्रत्येक तंतूला दोन्ही बाजूंनी आणखी बारीक उपतंतू फुटलेले असतात. एका बाजूच्या उपतंतूंना सूक्ष्म आकडे असतात आणि ते शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकून बसतात. त्यामुळे पाते एकसंध राहते व हवा त्यातून सहजी आरपार जात नाही.

पिसाचे पाते बोटांनी उलटे ओढले की ते फाटल्यासारखे दिसते. मुळाकडून टोकाकडे दोन-चार वेळा हळूच सरकवले की पुन्हा जुळून येते. पाखरू दिवसातून कितीतरी वेळा चोचीने पिसे साफ करते, ते नुसते नटणे नव्हे. उसवलेले आकडे पुन्हा अडकवण्याचे ते काम असते. बऱ्याच पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्यातील तेल चोचीने पिसांना लावल्यामुळे ती लवचिक राहतात व पाण्यात भिजत नाहीत. पाणकावळ्याची बाहेरील पिसे मात्र भिजतात. पाण्याखाली बुडी मारण्यास त्याला त्याचा उपयोगच होतो. म्हणूनच बुडीनंतर तो काठावरील खुंटावर पंख पसरून उन्हात बसलेला दिसतो.

पिसांचे प्रकार

सर्व पिसे एकाच कामाची नसतात. त्वचेलगतची मऊ लव हवा धरून ठेवते आणि शरीराची ऊब राखते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ४० ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. ही लव नसती तर थंडीच्या रात्री ते टिकले नसते. तिच्यावर अंगाला आकार देणारी पिसे कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. हवा त्यांवरून अडथळा न होता मागे सरकते.

उड्डाणाची खरी पिसे पंखाच्या कडेला व शेपटीत असतात. पंखाच्या टोकाकडील पिसे, बहुतेक पक्ष्यांत दहाच्या आसपास, हाताच्या पंजाच्या हाडांवर घट्ट बसवलेली असतात व ती पक्ष्याला पुढे ढकलतात. त्यांच्या आतील रांग कोपरापुढील हाडावर असते व ती पक्ष्याला उचलून धरते. टोकाकडील पीस नीट पाहिले तर दांड्याच्या पुढील बाजूचे पाते अरुंद व मागील बाजूचे रुंद आढळते. ही विषमता हेतुपूर्ण आहे. हवेच्या माऱ्यात पीस त्यामुळे योग्य कोनात वळते.

मोराचा पिसारा ही त्याची शेपटी नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पिसाऱ्यातील लांब पिसे ही शेपटीवर आच्छादन घालणारी पिसे होत. खरी शेपटी त्यामागे असून पिसारा उभारताना ती त्याला आधार देते. मोरपिसातील निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नसून उपतंतूंच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन निर्माण होतो. पीस कुटून बारीक केले, तर तो झळाळ नाहीसा होतो.

पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते. ते झिजले म्हणजे गळते व त्या जागी नवे येते. याला पिसे झडणे म्हणतात. बहुतेक पक्षी पंखातील पिसे दोन्ही बाजूंनी थोडी थोडी बदलतात, म्हणजे उड्डाणात खंड पडत नाही. बदके मात्र पंखांतील उड्डाणाची सर्व पिसे एकदम टाकतात व काही आठवडे उडू शकत नाहीत. ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवणारी धनेशाची मादी त्या बंदिवासातच पिसे बदलते.

हलका, पण मजबूत सांगाडा

पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच होय. खांदा, दंड, कोपर, कोपरापुढील दोन हाडे, मनगट आणि बोटे असा सारा क्रम माणसाच्या हातासारखाच असतो. फरक एवढाच की मनगट व पंजाची बरीचशी हाडे एकमेकांत मिसळून गेलेली असतात आणि बोटे तीनच उरलेली असतात.

दंडाचे हाड पुष्कळ पक्ष्यांत पोकळ असते व आतून तिरप्या आधारांनी ताणलेले असते. लोखंडी पुलाच्या कमानीत जसे तिरपे दांडे घालून कमी वजनात जास्त बळ साधतात, तसाच हा प्रकार. पुष्कळ पक्ष्यांत पिसांचे एकूण वजन सांगाड्यापेक्षाही अधिक भरते. घारीचा पंखविस्तार सुमारे दीड मीटर असतो, तरी तिचे वजन सामान्यतः किलोभराच्या आतच राहते. दात व जड जबडे यांऐवजी हलकी चोच, मूत्राशयाचा अभाव, बहुतेक माद्यांमध्ये एकच कार्यक्षम बीजकोश, ही सारी वजनातील काटकसरच आहे.

खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढील कडेला त्वचेची एक पातळ घडी ताणलेली असते. तिच्या कडेतून एक चिवट शीर, म्हणजे कंडरा, गेलेली असते. पंख उघडताना हीच कंडरा पुढील कड ताणून धरते. शिडाची दोरी तुटली की शीड लुळे पडते, त्याप्रमाणे ही कंडरा तुटली की पंख नीट ताणला जात नाही. पंखाचा हा सर्वांत नाजूक आणि सर्वांत पुढे असणारा भाग होय. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

छातीतील बळ

उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाला नावेच्या तळासारखी उभी धार असते. तिच्या दोन्ही बाजूंना उड्डाणाचे स्नायू असतात. मोठा स्नायू पंख खाली ओढतो. पंख वर उचलणारा स्नायू पाठीवर असावा असे कोणासही वाटेल. परंतु तोही छातीवरच, मोठ्या स्नायूच्या खाली असतो. त्याची कंडरा खांद्यातील एका छिद्रातून वर जाऊन दंडाच्या हाडाला जोडलेली असते. विहिरीवरील कप्पीवरून दोर फिरतो व खाली ओढले की घागर वर येते, तशीच ही योजना आहे. कोंबडी साफ करताना छातीच्या मोठ्या मांसाखाली एक निमुळती पट्टी सुटी निघते व तिला पांढरी शीर असते. तो हाच स्नायू. सारे वजन खाली, मध्यभागी राहिल्यामुळे पक्ष्याचा तोल हवेत ढळत नाही.

कोंबडीच्या छातीचे मांस पांढरट तर पारव्याचे तांबूस का, याचेही उत्तर येथेच मिळते. कोंबडी संकटात क्षणभर फडफडून थोडेसे उडते. पारव्याला मैलोगणती उडावयाचे असते. त्यासाठी प्राणवायू साठवणारे तांबूस द्रव्य त्याच्या स्नायूंत विपुल असते.

लोहाराच्या भात्यासारखा श्वास

एवढ्या श्रमाला प्राणवायूही तितकाच लागतो. पक्ष्याची फुप्फुसे लहान असून ती आपल्याप्रमाणे फुगत नाहीत. त्यांना जोडून शरीरभर पातळ वायुकोश असतात. त्यांची संख्या सामान्यतः नऊ असते. हे कोश भात्याप्रमाणे हवा खेचतात व ढकलतात आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. आत घेतलेली हवा बाहेर पडण्यास दोन श्वासांचा काळ जातो. श्वास आत घेताना व सोडताना, दोन्ही वेळी फुप्फुसांना ताजी हवा मिळते. हिवाळ्यात भारतात येणारे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडताना ७ हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. अशा विरळ हवेत तग धरण्यामागे ही श्वसनरचना आहे.

यांतील काही वायुकोश पोकळ हाडांतही शिरलेले असतात. म्हणजेच दंडाचे हाड हा काही पक्ष्यांत श्वसनमार्गाचाच एक भाग असतो.

उड्डाण कसे घडते?

पतंग वाऱ्याला थोडा तिरपा धरला म्हणजे वर चढतो. त्याच्या अंगावरून जाणारा वारा खाली वळवला जातो आणि त्याच बळाने वारा पतंगाला वर ढकलतो. पाखराचा पंखही हेच करतो. तो वरून फुगीर व खालून किंचित खोलगट असतो. पुढे जाताना त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून वाहणारी हवा मागे खाली वळते. पंखाच्या वरील बाजूस दाब कमी व खालील बाजूस अधिक होतो, आणि पक्षी तोलला जातो. पतंगाला दोरा एका जागी धरून ठेवतो म्हणून वारा त्याच्यावरून वाहतो. पाखराला दोरा नसतो. ते स्वतःच्या बळाने पुढे जाऊन आपला वारा आपणच निर्माण करते. पंख खाली येताना टोकाकडील पिसे वळतात व हवेला मागे ढकलतात. त्यामुळे गती मिळते. पंख वर जाताना अर्धवट मिटतो व विरोध कमी होतो.

उतरताना गती कमी होते आणि हवा पंखापासून सुटून पक्षी एकदम कोसळण्याचा धोका असतो. अशा वेळी पक्षी अंगठ्यावरील लहानशी पिसे वर उचलतो. त्यांच्या फटीतून शिरलेली हवा पंखाला चिकटून वाहते व पक्षी अलगद टेकतो. मंदिराच्या शिखरावर उतरणाऱ्या पारव्याकडे लक्षपूर्वक पाहिल्यास ही क्रिया दिसू शकते.

पंखाच्या आकारावरून पक्ष्याचा व्यवसाय ओळखता येतो. घारीचे पंख रुंद असून टोकाची पिसे बोटांसारखी फाकलेली असतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात ती पंख न हलवता चढते आणि दुभंगलेल्या शेपटीचा सुकाणूसारखा वापर करते. पाकोळीचे पंख लांब, अरुंद व कोयत्यासारखे असतात. वेगासाठी ते योग्य ठरतात. रानकोंबड्याचे पंख आखूड व गोलसर असतात. झुडपातून एकदम उसळी मारण्यास ते उपयोगी पडतात. गव्हाणी घुबडाच्या पंखाच्या पुढील कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही. भाताच्या खळ्यावरील उंदराला आपला काळ जवळ आल्याचे कळतही नाही. अशा या शेतकऱ्याच्या मित्राला अपशकुनी समजून मारणे म्हणजे स्वतःच्या धान्याचा राखणदार घालवणे होय.

मांजा आणि पंख

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उडणारा पक्षी पंखाची पुढील कड समोर ठेवून वेगाने जातो. आकाशातील बारीक दोरा त्याला दिसत नाही. दोरा आडवा आला की तो प्रथम लागतो तो याच कडेला, म्हणजे त्वचेच्या घडीवर आणि तिच्यातील कंडरेवर. काचेची पूड चढवलेला दोरा करवतीसारखे काम करतो. घाबरून पक्षी जितका फडफडतो, तितका तो आत रुतत जातो. पीस तुटले तर कालांतराने नवे येते. कंडरा तुटली तर पक्षी क्वचितच पूर्ववत उडू शकतो. आणि जो उडू शकत नाही, तो रानात फार काळ जगत नाही. घारीचा विणीचा हंगाम सप्टेंबर ते एप्रिल असा असतो. म्हणजे जानेवारीत एक घार पडली तर घरट्यातील पिलांचाही घास तुटतो.

नायलॉनचा दोरा अधिकच घातक असतो. सुती दोरा ताण पडल्यावर तुटतो व पावसापाण्यात कुजून जातो. नायलॉनचा दोरा तुटत नाही आणि झाडांवर, तारांवर दीर्घकाळ लटकत राहतो. सण संपून गेल्यावरही तो पाखरांना फास ठरतो. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे चिरल्याच्या घटनाही देशात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन वा अन्य कृत्रिम धाग्याच्या मांज्याचे उत्पादन, विक्री, साठवण, खरेदी व वापर यांवर देशभर बंदी घातली आहे.

पहाटे पक्षी आपल्या रात्रीच्या निवाऱ्यातून निघतात व सायंकाळी परततात. सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सुमारास पतंग न उडवल्यास बगळे, पोपट, पारवे यांचे थवे बचावतात. घारीसारखे पक्षी मात्र ऊन तापल्यावर, नेमके पतंग अधिक असतानाच, वर चढतात. त्यांचे रक्षण वेळेने होत नाही. ते साध्या, काच न लावलेल्या सुती दोऱ्यानेच होऊ शकते. पतंगाचा आनंद त्याच्या उडण्यात आहे व साध्या दोऱ्यावरही तो तितकाच उंच जातो.

जखमी पाखरू हाती आले तर

१. अंगात रुतलेला दोरा ओढू नये. दोन्ही बाजूंनी थोडे अंतर सोडून तो कात्रीने कापावा व रुतलेला भाग पशुवैद्यकासाठी तसाच राहू द्यावा.

२. पाखरावर सुती कापड टाकून पंख अंगालगत मिटवून धरावेत. छाती दाबू नये. छाती हलल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही.

३. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने हलका दाब द्यावा. मोडलेल्या पंखावर पाणी ओतू नये. पोकळ हाड श्वसनमार्गाशी जोडलेले असल्यामुळे ते पाणी आत शिरून पक्षी गुदमरू शकतो.

४. चोच उघडून पाणी, दूध वा अन्न घालू नये.

५. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून, अंधारात व शांत जागी ठेवावे आणि विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा वन विभागाच्या कार्यालयात पोहोचवावे.

६. रानपाखरू घरी पाळून ठेवू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास मनाई आहे. हाताळणीनंतर हात साबणाने धुवावेत.

शाळांसाठी पाठ

संक्रांतीपूर्वीच्या आठवड्यात शिक्षकांनी हा विषय दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेस पाळीव कोंबडीची स्वच्छ धुतलेली पिसे वर्गात आणावीत. मुलांनी पाते उसवून पुन्हा जुळवावे, त्यावर पाण्याचा थेंब सोडून तो कसा घरंगळतो ते पाहावे, भिंगातून तंतू निरखावेत आणि दोन्ही बाजूंच्या पात्यांची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहावी. दुसऱ्या तासिकेस मैदानात कागदी पतंग वेगवेगळ्या कोनांत धरून वारा त्याला केव्हा उचलतो, हे अनुभवावे. त्यानंतर सकाळी व सायंकाळी गावावरून कोणती पाखरे कोणत्या दिशेने जातात, याची आठवडाभर नोंद ठेवावी. गावातील पतंग कोणत्या वेळी उडवू नयेत, हे त्या नोंदीवरून मुलेच सांगू शकतील. सण संपल्यावर झाडांवर व कुंपणांवर अडकलेला दोरा मोठ्यांच्या मदतीने गोळा करावा. विजेच्या तारांना मात्र कोणीही हात लावू नये.

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका पाहून त्यांना कुतूहल वाटले व ते तिचे नाव विचारण्यासाठी १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे त्यांना पक्ष्यांचे जतन केलेले नमुने पाहावयास मिळाले आणि पुढील आयुष्याची दिशा ठरली. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर भारतीय पक्ष्यांचा अभ्यास त्यांनी जगापुढे मांडला होता. खाली पडलेल्या एका पाखराकडे एका मुलाने नीट पाहिले, त्याचे हे फळ. दादरा व नगर हवेलीतील शाळांतून आज अशी कितीतरी मुले बसलेली आहेत. त्यांना पाखरू निरखावयास मिळावे, ते मात्र पडलेले नव्हे, उडणारे. एवढी खबरदारी येत्या संक्रांतीला गावाने, शाळेने व कार्यालयांनी मिळून घ्यावयास हवी.